करंगळीवरचं गाणं

बाईमाणसाने गिटार वाजवू नये, असं आमच्याकडे कुणी म्हणत नसे. कारण आमच्याकडे गिटार कुणी पाहिलीच नव्हती. मनाई करायची तर आधी वस्तू माहीत असावी लागते. लोकांना ती वस्तू कळून नाक मुरडायचं सुचेपर्यंत माझ्या चार चाली बसूनही झाल्या होत्या.

हे लढाईच्या दिवसांतलं आहे. माझे यजमान नंदुरबार स्टेशनात पार्सल क्लार्क होते आणि आम्हाला रेल्वेच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. त्या चाळीत बायकांना स्वतःची नावं नव्हती. नवऱ्याचं जे काम तेच बायकोचं नाव. एक तारबाई, एक सांधेवालीण, एक गार्डीणबाई. मी पार्सलबाई. मला ते नाव मुळीच आवडत नसे, कारण पार्सल बोलत नाही आणि त्या काळात मीही बोलत नव्हते.

बोलत नव्हते म्हणजे धड बोलता येत नव्हतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मला मोठा ताप आला. महिनाभर अंथरुणाला खिळून होते. ताप गेला आणि जाताना गळा घेऊन गेला. उरली ती नुसती खरखर, रिकामं जातं फिरवल्यासारखी. डॉक्टरांनी घशात पाहिलं आणि म्हणाले, जीव वाचला हे काय थोडं झालं? लोक असं का म्हणतात मला अजून कळत नाही. जीव वाचला तो काहीतरी करण्यासाठीच ना वाचला. मी त्यांच्याकडे पुन्हा गेले नाही.

माझं माहेर शहाद्याकडच्या काळ्या मातीतलं, कापसाचं गाव. गावात मी गाणारी होते. गाणारी म्हणजे बैठकीतली नव्हे, अखाजीची. आमच्याकडे अक्षय्यतृतीयेला अखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई मांडतात, आणि शेवटी तिला बोळवायला नाल्यावर जातात. नाल्याच्या पलीकडे दुसरं गाव. तिथल्या बायकाही त्याच वेळी आपल्या काठावर आलेल्या असतात. मग दोन्ही काठांवरून गाण्यातून एकमेकींचा उद्धार सुरू होतो. तुमची विहीर खारी, तुमच्या सुना आळशी, तुमचे जावई काणे. याला बार म्हणतात. यात राग नसतो, पण हार-जीत असते, आणि हरलेल्या काठाला वर्षभर ते ऐकून घ्यावं लागतं. नियम एकच: नाल्यात कुणी उतरायचं नाही.

आमच्या काठाचं गाणं मी धरत असे. बाराव्या वर्षापासून. पलीकडून ओळ आली की तिची शेपटी पकडून मी उत्तर जुळवायचे आणि बाकीच्या उचलून धरायच्या. मला त्याची घमेंड होती, खोटं कशाला सांगू.

तापानंतरच्या पहिल्या अखाजीला झोक्यापाशी उभी होते. माझी भावजय, म्हणजे धाकट्या भावाची बायको, जवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अक्का, आते तू झोका दे. गानं मी धरसू."

वाईट हेच की ती चांगल्या मनाने म्हणाली. वाईट मनाने म्हणाली असती तर निदान भांडता आलं असतं. त्या दिवशी मी झोके दिले, आणि नाल्यावर गेलो तेव्हा मागे उभी राहिले. पलीकडच्यांना माझा ताप कळलेला होता. त्यांनी लगेच गाणं जुळवलं की तुमची कोकिळा मिरची खाऊन बसली. माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं, एक सोडून तीन. तोंड उघडलं तर खरखर. भावजयीने काहीतरी गुळमुळीत म्हटलं आणि आमचा काठ हरला. परतताना सगळ्याजणी माझ्याशी फार गोड बोलत होत्या. मला त्या गोडीची किळस आली. पुढच्या अखाजीला याच काठावरून उत्तर मी देईन, कसं ते माहीत नाही, पण देईन, असं मी मनात ठरवलं.

नंदुरबारला परत आले त्यानंतर थोड्याच दिवसांतली गोष्ट. दुपारची वेळ, यजमान कामावर, आणि भिंतीपलीकडून वाजवणं ऐकू आलं. पलीकडे गार्डीणबाई राहायची. नवरा मालगाडीवर गार्ड, दोघं गोव्याची. ती नुकतीच आली होती. मी कान लावला. एकजण चाल म्हणत होती, दुसरी तिच्याखाली हुंकार भरत होती, आणि तिसरी ठेका धरून चालली होती. तीन बाया बसल्यात, आपण का मागे राहावं, म्हणून मी पदर सारखा करून गेले. पाहते तर खोलीत एकटी गार्डीणबाई, फ्रॉक घालून खुर्चीवर बसलेली, मांडीवर लाकडाची कमरेत बारीक अशी मोठी पेटी, तिच्यावर सहा तारा.

"बाकीच्या कुठे गेल्या?" मी माझ्या खरखरीत विचारलं.

ती आधी समजली नाही. मग समजली आणि इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "अगो, मीच," ती म्हणाली. "सगळ्या मीच."

त्या दोन शब्दांनी मला धरलं. मी एकटी होते, माझा गळा गेला होता, आणि इथे एक बाई तोंड न उघडता तिघींचं गाणं करत होती. मी तिला म्हटलं, हे मला शिकव. चहा टाकते, ती म्हणाली. चाळीतल्या बायका तिच्याकडे पाणीसुद्धा घेत नसत, ती मासे खाते म्हणून. मी बशीत ओतून चहा प्यायले आणि कप विसळून पालथा घातला. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या चाळीला कळलं, त्याला माझा इलाज नव्हता.

तिचा भाऊ मुंबईला एका हॉटेलातल्या बँडमध्ये होता. त्याने तिला शिकवलं होतं आणि तबकड्याही दिल्या होत्या. ती जे वाजवायची त्याला जॅझ म्हणतात, हे तिने सांगितलं. जॅझ म्हणजे काय ते तिला मराठीत नीट सांगता येईना. मी माझ्यापुरतं ठरवलं: ठरलेली चाल घ्यायची आणि तिला ठरल्याप्रमाणे वागू द्यायचं नाही. हे मला लगेच पटलं.

पहिली अडचण खुर्चीची आली. मी पेटी घेऊन जमिनीवर मांडी घातली. गार्डीणबाईने हात धरून उठवलं. मांडी घातली की कोपर गुडघ्याला लागतं, मनगट वळत नाही आणि करंगळी तारेपर्यंत पोचत नाही. करंगळी पोचली नाही तर सगळंच फुकट, कारण चाल करंगळीवर असते. बाकीची तीन बोटं खालच्या साथीच्या तारा दाबून धरतात आणि करंगळी सगळ्यात बारीक तारेवर एकटी चालते. आयुष्यात करंगळीला मी कधी काम दिलं नव्हतं. आता तीच घरातली कर्ती झाली. आणि मीही आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

दुसरी अडचण मिरचीची. थंडीत सासरहून लाल मिरचीची पोती यायची आणि देठं खुडायचं काम माझ्याकडे असे. खुडून खुडून बोटांच्या टोकांत तिखट मुरायचं. त्यात तारांनी चिरा पाडलेल्या. तार दाबली की कोपरापर्यंत आग जायची. मी तशीच वाजवत असे. एके दिवशी माझं झाल्यावर गार्डीणबाईने पेटी घेतली, एक चाल वाजवली आणि सवयीने डोळा चोळला. मग ती ओरडत मोरीकडे धावली. तारांना तिखट लागलं होतं. "तू वाजवते का फोडणी घालते?" ती ओल्या डोळ्यांनी म्हणाली. तेव्हापासून तिच्या उंबऱ्याशी तेलाची वाटी ठेवलेली असे. आधी तेल चोळायचं, मग राखेने हात धुवायचे, मग आत.

पेटी तिची होती, त्यामुळे रोज तासभरच मिळायची. म्हणून मी घरी एका फळीला दोन्ही टोकांना चुका मारल्या आणि सहा दोरे ताणून बांधले. चुलीवर डाळ शिजेपर्यंत त्या मुक्या दोऱ्यांवर बोटं बसवायची. यजमानांनी पाहिलं. ते वेळापत्रकाचे माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणाले, "वाजव, पण दार लावून घेत जा. स्टेशनमास्तर इकडून जातात."

"यात आवाज कुठे आहे?" मी म्हटलं.

"तरी पण," ते म्हणाले. मी दार लावलं नाही. दोन-चार दिवसांनी त्यांनी तो विषय सोडून दिला.

तीन-चार तारा एकदम दाबून जे ठोक सूर निघतात त्यांना गार्डीणबाई इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची नावं द्यायची. माझ्या ती लक्षात राहीनात. मी माझी नावं दिली. ज्या ठोकावर चाल येऊन टेकते, जिथून पुढे कुठे जावंसं वाटत नाही, ते माहेर. जो ठोक वाजवून थांबलं तर जीव कासावीस होतो, सारखी माहेराकडे ओढ लागते, ते सासर. आणि या दोघांच्या मधला एक तिरका, घाईचा ठोक असतो. तो स्वतः कुठे राहत नाही, फक्त एकीकडून उचलून दुसरीकडे पोचवतो. त्याचं नाव मी मुराळी ठेवलं. लेकीला सासरहून आणायला जो भाऊ जातो त्याला आम्ही मुराळी म्हणतो. गार्डीणबाईला ही नावं इतकी आवडली की तीही म्हणू लागली, "सासरला किती वेळ बसशील? मुराळी बोलाव."

पण खरं भांडण झालं ते एका तारेवरून. मी लहानपणापासून भजनाची एकतारी ऐकलेली. गाणं कुठेही जावो, तार एकच सूर धरून राहते. त्या सुराशिवाय गाणं मला उघडं वाटे. म्हणून मी काहीही वाजवलं तरी अंगठ्याने जाडी तार मधूनमधून छेडत राहायची. वरची चाल बदलतेय, मधली साथ बदलतेय, आणि खाली आपलं तुण तुण चालूच. गार्डीणबाईच्या कानाला ते दगडासारखं लागे.

"ती सोड गो," ती म्हणायची. "जमीन हलू दे."

"जमीन हलली तर घर पडेल."

"पडत नाही."

"आमच्याकडे पडतं," मी म्हणायचे. तीन आठवडे मी ऐकलं नाही. तीही हट्टी. शेवटी तिने पेटी ओढून घेतली, बारीक तारेवर एकच सूर धरला आणि म्हणाली, आता ऐक, मी हा सूर सोडत नाही. तिने करंगळी जराही हलवली नाही. खालची तीन बोटं मात्र सरकवत गेली. तोच सूर आधी लग्नघरासारखा वाजला. खालची बोटं सरकली आणि तो पोरगी बोळवताना असतो तसा झाला. पुन्हा सरकली आणि त्या सुराने चक्क भुवई उडवली. टोमणा होता तो. मी खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झाले.

आपण एखादीला म्हणतो, फार शहाणी हो तू. शब्द तोच, पण म्हणणारीचा चेहरा बघून कळतं की हे कौतुक आहे की चपराक. इथे वरची चाल म्हणजे शब्द आणि खालची साथ म्हणजे चेहरा, असं होतं ते. मला शब्द येत नव्हते, पण चेहरा करायला कुणी अडवलं होतं? गळा नसताना बार खेळता येईल ही गोष्ट मला त्या दुपारी पहिल्यांदा खरी वाटली. त्या दिवसापासून मी जाड्या तारेचा हट्ट सोडला.

आता मला एकच चाल बसवायची होती. पलीकडच्या गावाचं एक मिरवायचं गाणं होतं. आमच्या विहिरीचं पाणी गोड, आमच्या लेकी गोऱ्या, आमच्या दारी बैलजोडी, असं. बार सुरू करताना त्या ते म्हणायच्याच. मी ती चाल गुणगुणू शकत नव्हते, म्हणून बारीक तारेवर एकेक सूर शोधून गार्डीणबाईला ऐकवली. मग दोघींनी मिळून तिच्याखाली साथ बसवली, एकदा सरळ आणि एकदा वाकडी. सरळ असताना गाणं खरंच गोड वाटे. वाकडी असताना वरचा एक सूर न बदलता, गोड पाण्याच्या जागी खालून असा ठोक यायचा की पाण्यात काहीतरी मेलंय असं वाटावं. गार्डीणबाई म्हणाली, भावाला दाखवलं पाहिजे. मी म्हटलं, आधी माझ्या भावजयीला.

फाल्गुनात सासूबाई चाळीत आल्या. मी शेजारी वाजवत होते. त्या आवाजाच्या मागावर थेट तिथे आल्या आणि उंबऱ्यात थबकल्या. मला वाटलं आता पेटीवरून काही बोलतील, किंवा ख्रिस्त्याच्या घरावरून. त्यांनी दोन्हीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वो माय," त्या म्हणाल्या, "सून खुर्चीवर बठनी आनि सासू दारमा उभी!"

गार्डीणबाई उठायला लागली. मी तिला नजरेने बसवलं. उठावं की नाही, याचा मी अगदी क्षणभर विचार केला. पाय आपोआप उठत होते, ते मी दाबून ठेवले. उठले असते तर करंगळी सुटली असती, आणि वाकड्या साथीतली अवघड जागा मला त्या दिवशी पहिल्यांदा साधत होती.

"आत्याबाई, जराशीक बठा," मी म्हटलं. "हाई पुरं व्हई जाऊ द्या."

मी शेवटपर्यंत वाजवलं. सासूबाई बसल्या नाहीत. चाल संपल्यावर म्हणाल्या, "वाजाडाले ना नही. पन खुर्ची कसाले?" मी सांगायचा प्रयत्न केला, कोपर, मनगट, करंगळी. त्यांना ते पटलं नाही. गावी जाऊन त्यांनी सांगितलं की सून बिघडली, खुर्चीवर बसते. पेटीचं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मला हसू येत होतं आणि रागही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी न उठता बसून राहिले, ही माझी पहिली कमाई होती.

अखाजी आली. भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला आला. गार्डीणबाईने पेटी दुपट्ट्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. लढाईमुळे तारा मिळत नव्हत्या. ती म्हणाली, तार तुटली तर परत येऊ नकोस, आणि मग माझ्या गालाला हात लावला. वाटेत प्रकाशा गावापाशी नदी ओलांडताना लोकांनी विचारलं, गाडीत काय आहे? भावाने शिवणाचं मशीन म्हणून सांगितलं. मी दुपट्टा सोडून पेटी उघडी ठेवली. त्याने कपाळाला हात लावला आणि बैलांना हाक घातली.

गौराई घेऊन आम्ही नाल्यावर गेलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं, पण वारा अजून तापलेला होता. पलीकडच्यांनी मिरवायचं गाणं म्हटलं, मग लगेच माझ्यावर आल्या. गेल्या वर्षी मिरची खाल्लेली कोकिळा यंदा लाकूड घेऊन आली म्हणे. भावजय पुढे झाली. मी तिला मागे केलं, एका दगडावर बसले आणि वाजवायला लागले.

सहा-सात ठोक वाजवले असतील. भावजय हाताच्या अंतरावर उभी होती. ती वाकून हळूच म्हणाली, "अक्का, काहीच ऐकू येत नही वं."

जवळजवळ वर्षभर मी चार भिंतींत वाजवलं होतं. त्या खोलीत एका पेटीच्या तीन बाया होत असत. इथे उघड्यावर, वाऱ्यात, शंभर बायकांच्या कोलाहलात एकीचाही पत्ता नव्हता. हे ना मला सुचलं होतं, ना गार्डीणबाईला. करंगळी वाजवत होती आणि मला स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "ती दात कोरी ऱ्हायनी का काय वं?" आणि दोन्ही काठ हसले. आमचाही हसला.

माझ्या अंगाची लाही झाली. रडू नाही आलं, संताप आला. त्या पेटीचा, वाऱ्याचा, माझ्या मूर्खपणाचा. घरी जाता आलं असतं. भावजयीने माझ्या दंडाला धरलंही होतं. मी हात सोडवला, पेटी काखेत घेतली आणि कोरड्या नाल्यात उतरले.

"अक्का, नालामा उतरू नको," मागून कुणीतरी म्हणालं. मग हसणं थांबलं. आजवर कुणी उतरलं नव्हतं, त्यामुळे उतरलेल्या बाईचं काय करायचं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. मी मधोमध गेले. तिथे एक मोठा धोंडा होता. त्यावर बसले, एक पाय दुसऱ्यावर टाकला, खुर्चीत बसत असे तशी, आणि पलीकडच्यांकडे तोंड करून त्यांचंच गाणं वाजवायला घेतलं.

ही बाई काय करते ते बघायला पलीकडच्या आधी कडेला आल्या, मग दोन पावलं खाली, मग आणखी दोन. हे पाहून आमच्याही उतरल्या. जवळ आल्या तशी चाल त्यांच्या ओळखीची निघाली आणि पलीकडच्या सगळ्या एका सुरात गायला लागल्या. गाणं म्हटलं की आमच्या बायकांचं तोंड मिटलेलं राहत नाही. पेटी बुडाली. मी तारांवर पंजा ठेवला आणि थांबले. त्याही थांबल्या. मी पुन्हा सुरुवात केली, त्यांनी पुन्हा गायला सुरुवात केली, मी पुन्हा पंजा ठेवला. नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांची पुढारीण, पिकल्या केसांची धिप्पाड म्हातारी, हात वर करून सगळ्यांना म्हणाली, "गप बठा. ती काय वाजाडस ते ऐकू द्या."

सगळ्या वाळूत बसल्या. दोन गावच्या बायका, एकमेकींच्या मांडीला मांडी लावून. आधी मी सरळ वाजवलं. म्हातारीने मान डोलावली. आपल्या विहिरीचं पाणी असं कुणी वाजवलेलं तिने ऐकलं नव्हतं. मग न थांबता मी तेच गाणं वाकडं धरलं. वरचा एक सूरही हलवला नाही. गोड पाण्याची जागा आली आणि खालून तो ठोक गेला.

मग त्यांच्यातलीच एक नवी सून फिसकन हसली आणि तिने पदर तोंडात कोंबला. गोऱ्या लेकींच्या जागी आमच्या काठाच्या हसल्या. बैलजोडीशी आले तोवर सगळ्याच हसत होत्या. मला ठोक चुकेल की काय भीती वाटत होती, पण चुकला नाही. मुराळी आला, चाल माहेरी पोचली आणि मी हात उचलला.

म्हातारी उठून उभी राहिली. "हाई तं आम्हनंच गानं शे," ती म्हणाली.

"तुम्हनंच शे," मी म्हटलं. "मी तं एक शबद बी बोलनू नही."

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ती बारात चाळीस वर्षं बोलत आलेली बाई होती. पण शेपटी पकडायला ओळच नव्हती. तिने तोंड मिटलं, माझ्या बोटांकडे वाकून पाहिलं, त्यांच्यावरच्या चिरा पाहिल्या आणि पुन्हा वाळूत बसली. त्यांचा काठ हरला होता, आणि ते त्यांनाही कळलं होतं.

भावजय मागून येऊन माझ्यापाशी गुडघ्यावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "अक्का," ती म्हणाली, "तुन्हा गळा परत उना वं."

गळा परत आला, हे या वेळीही ती चांगल्या मनानेच म्हणत होती. मी मान हलवली.

"गळा नही उना," मी म्हटलं. "मी उनू."

इतक्या बायका इतक्या गप्प बसल्या होत्या की माझी खरखर शेवटच्या बाईपर्यंत ऐकू गेली.